बंद फ्रिज, निळी बादली

किस्से म्हणजे फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातल्या वाट्यांसारखे. कुणी ठेवले, कधी ठेवले, काही आठवत नाही. एक दिवस आवरायला काढावं तर डझनभर निघतात. पण किस्से शिळे झाले तरी चालतात. वाटीतलं चालत नाही!

आमचं पोळीभाजी केंद्र चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागे, एका सोसायटीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत. आम्ही तिघी. मी स्वयंपाक करते. चारकोप गावातली हेमा कोळीण बाजार आणि मासळी बघते. हेमाची सून प्रणाली फोन बघते, ऑर्डर बघते, आणि वेळ उरला की आम्हा दोघींना अक्कल शिकवते. चौथा मेंबर फ्रिज. दोन दारांचा, मोठा, बंद पडलेल्या एका हॉटेलातून सेकंडहँड घेतलेला. हॉटेल का बंद पडलं ते आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं!

आता हसतो, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या पुढच्या गल्लीत एक पोळीभाजीवाली होती. हाताला अशी चव की विचारू नका. एका रविवारी तिच्या चिकनने दहा-बारा माणसं आजारी पडली. सोमवारी शटर खाली, ते कायमचं. ती बाई पायरीवर बसून रडत होती आणि कालपर्यंत बोटं चाटणारे लोक शिव्या घालून जात होते. मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे तर काही म्हातारी माणसं अशी आहेत की आमच्या डब्याशिवाय दिवसभर त्यांच्या पोटात दुसरं काही जात नाही. म्हणून आमच्याकडे कायदा एकच. फ्रिज बंद पडला आणि मनात संशय आला, की माल फेकायच्या निळ्या बादलीत. चाखून बघायचं नाही, चर्चा नाही, रडारड नाही.

---

फ्रिज बंद पडलाय म्हटल्यावर माणूस पहिलं काय करतो? दार उघडतो! गार आहे का बघायला. मग दुसरा येतो, तो पण उघडतो. अरे, दार बंद ठेवलं तर फ्रिज चारेक तास तग धरतो. आतला गारवा तुम्हीच बाहेर सोडताय आणि वर विचारताय, गार का नाही!

पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी स्टूल घेतलं, दाराला पाठ लावली आणि लाटणं मांडीवर ठेवून बसले. तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड कर्णिककाका डोकावले. "जरा बघू का?"

"काय बघायचंय? आत सिनेमा लागलाय?"

मग आला मिश्रा मेकॅनिक. "मौसी, थोडा हटो, दरवाजा खोलना पडेगा."

"नहीं खुलेगा. पीछे से करो."

"अरे, पेशंट का मुंह देखे बिना इलाज कैसे करूं?"

"मुंह को कुछ नहीं हुआ है. पीछे से करो!"

बिचारा भिंत आणि फ्रिजच्या मधे आडवा घुसला. काहीतरी पार्ट बदलला, फ्रिज घुर्र करून सुरू झाला. आता उघडून बघा म्हणाला, ठंडा होतोय का. म्हटलं, आत्ता सुरू झालाय, आत्ता कशाला उघडू? दोन तास बसायचं. गार झाला तर पैसे.

बसला. नुसतं बसवून ठेवणं मला बरं वाटेना, म्हणून लसणाची टोपली पुढ्यात दिली. अख्खी सोलली त्याने! आता फोन केला की आधी विचारतो, "मौसी, फ्रिज खराब है या लहसुन छीलना है?"

---

प्रणालीने फोनवर कुठेतरी वाचलं. म्हणाली, "मावशी, आतलं टेम्परेचर पाच डिग्रीच्या खाली पाहिजे. थर्मामीटर लागेल."

हेमा म्हणाली, "विकत कशाला? घरी हाय की!"

दोन दिवसांनी मी वाण्याकडून आले तर काय बघते! फ्रिज बंद, ओट्यावर चार अख्ख्या कोंबड्या. त्यातल्या एकीचा पंख हेमाने वर धरलाय, काखेत थर्मामीटर खुपसलाय, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"काय गो करतेस?"

"गप ऱ्हा. दोन मिन्टं लागतात."

थर्मामीटर पी पी पी वाजला. हेमाने डोळे बारीक करून वाचलं. "आकडा नाय. एल आणि ओ दाखवतंय."

प्रणाली म्हणाली, "म्हणजे लो, आई. तापाचा थर्मामीटर आहे तो. त्याच्यावर फ्रिजचा आकडा येतच नाही."

हेमाने कोंबडीच्या पाठीवर थोपटलं. "मग बरी हाय. ताप नाय!"

फ्रिज कधीपासून बंद होता ते तिघींपैकी कुणालाच सांगता येईना. चारही कोंबड्या बादलीत गेल्या, ताप नसताना! मागोमाग थर्मामीटर गेला. हेमाचा नवरा अजून घरभर शोधतोय.

---

हेमाला थर्मामीटर लागतच नाही म्हणा. ती माशाच्या डोळ्यात बघते. डोळा चमकत असेल, कल्ला लाल असेल तर हो, नाहीतर बादली. "मना म्हावरं शिकवू नको," एवढं बोलली की विषय संपला.

एकदा प्रणालीने ऑनलाइन मासळी मागवली. साफ केलेली, काटा काढलेली, पॉलिश केल्यासारखी पांढरीशुभ्र. नेमका त्याच दिवशी फ्रिज झोपला. हेमाने पाकीट फाडलं, एक तुकडा उचलला, उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला.

"ह्याचं तोंड कुठाय?"

"आई, फिले आहे तो. तोंड नसतं."

हेमाने तुकडा सरळ बादलीत टाकला. "जो तोंड दाखवत नाय, त्याचा मी भरवसा करत नाय!"

---

प्रणालीचीच आणखी एक आयडिया. ही मात्र झकास होती, खोटं कशाला बोलू. स्टीलच्या पेल्यात पाणी घालून फ्रीझरमध्ये बर्फ करायचा आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. आम्ही रविवारी बंद असतो. सोमवारी नाणं वरच असेल तर ठीक. नाणं बुडालेलं दिसलं तर समजायचं, मधे फ्रिज बंद पडला होता, बर्फ वितळला आणि फ्रिज सुरू झाल्यावर परत जमला. मग वरून माल कितीही कडक दिसू दे, भरवसा नाही.

पहिला सोमवार. नाणं वरच. शाब्बास.

दुसरा सोमवार. तीन नाणी! आणि एक झेंडूचं फूल.

भांडी घासायला येणाऱ्या लताला विचारलं. "तुम्ही ठेवला म्हणून मी पण ठेवला," ती म्हणाली. "पोरीची दहावी आहे ना!" तिसरं नाणं कुणाचं? तर मिश्राचं. फ्रिजचा गॅस भरायला आला होता, पेला बघितला, चप्पल काढली, हात जोडले आणि पाच रुपये ठेवले. त्याला वाटलं, मौसीच्या फ्रिजची देवी असेल. इतक्या वेळा बंद पडून उठतो म्हणजे कुणाची तरी कृपा असणारच!

तिसऱ्या सोमवारी दार उघडलं तर सगळी नाणी तळाला, फूल मधेच गोठलेलं. मटार, चिकन, खिमा, सगळं बादलीत रिकामं केलं. माझ्या डोळ्यात पाणी आणि शेजारी लता हात जोडून उभी. "बुडाला! ताई, बुडाला! म्हणजे पोहोचला!"

आणि पोरगी झाली की हो पास! फर्स्ट क्लास!

आता दहावीच्या परीक्षा जवळ आल्या की आमच्या फ्रीझरमध्ये मटार ठेवायला जागा नसते.

---

पुढच्या वेळी मी शहाणी झाले. फ्रिज बंद झाला तशी लगेच, गारवा होता तोवरच, तेरा डबे बिल्डिंगमध्ये वाटले. संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या म्हटलं. लोक चांगले हो, नाही कुणी म्हणालं नाही. पण अटी! पहिल्या मजल्यावर कांदा-लसूण चालेल, वास चालणार नाही. दुसऱ्या मजल्यावर मासे चालतील, पण गुरुवार संपल्यावर आणा. अगं, तोपर्यंत मासेच चालत जातील! कर्णिककाका दारातच कुजबुजले, "अंडी ठेवा. आणि एक उकडून ठेवा. हिला सांगू नका."

संध्याकाळी प्रणाली यादी घेऊन डबे गोळा करायला गेली. तेरा दिले होते. सतरा आले!

चार जास्तीचे उघडले. एकात इडलीचं पीठ, ते डब्यातून बाहेर यायच्या तयारीत. एकात अर्धं लिंबू आणि नेलपॉलिश. एकात बर्फी होती की साबण, अजून वाद आहे. चौथा हेमाने उघडला आणि लगेच बंद केला. "हे उघडायचं नाय," म्हणाली, आणि तो डब्यासकट बादलीत गेला.

यादी घेऊन मजल्यामजल्यावर विचारलं. एकानेही ओळख दाखवली नाही. उलट पहिल्या मजल्यावरची म्हणाली, "पुन्हा कधी बंद पडणार तुमचा? सांगा हं, फ्रिज आवरायचाय!"

---

आणि परबांचा साखरपुडा!

शेजारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. शंभर माणसांची बासुंदी-पुरी. आदल्या संध्याकाळी मी बासुंदी आटवली, निववली, फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी येऊन दार उघडते तर आत अंधार. पातेल्याला हात लावला. कोमट! कधी बंद पडला, देवाला माहीत.

परबांना फोन केला. म्हटलं, "बासुंदी कॅन्सल. दोन तासांत गरम गरम शिरा करून देते, माझ्या खर्चाने."

पाच मिनिटांत माणूस दारात. रेशमी कुडता, कपाळाला टिळा, तोंडाचा पट्टा सुरू.

"कॅन्सल म्हणजे? आमच्या व्याह्यांना बासुंदी म्हणजे जीव की प्राण! मेनू सांगून ठेवलाय मी! मुलाकडची माणसं काय म्हणतील? शिरा घातला म्हणून?"

"पोट बिघडलं तर काय म्हणतील?"

त्यांनी झाकण काढलं, नाक खुपसलं. "वास कुठे येतोय? मस्त वेलचीचा वास आहे!"

"तो वेलचीचाच आहे. बासुंदी खराब झालीय की नाही हे वेलची सांगत नाही."

"रंग बघा! काय झालंय तिला?"

"काही झालं असेल तर ते दिसत नाही. उद्या शंभर माणसांना दिसेल."

मग माणूस चिडला. "तुम्ही मला शिकवू नका. किती शिकलात?"

"चौथी."

"मग? आज बासुंदी हॉलमध्ये आली नाही, तर चारकोपात तुमचा एक डबा खपू देणार नाही. सगळ्या सोसायट्यांचे सेक्रेटरी माझ्या ओळखीचे आहेत!"

प्रणालीचा चेहरा उतरला. दिली तर शंभर माणसं, त्यात लहान पोरं, म्हातारी. नाही दिली तर हा माणूस आम्हाला उठवणार. दोन्हीकडून आमची वाट!

मी दोन वाट्या घेतल्या, बासुंदीने काठोकाठ भरल्या आणि चमच्यासकट परबांच्या पुढ्यात ठेवल्या.

"बरं. तुम्ही म्हणता चांगली आहे. मग या दोन्ही तुम्ही खा. इथे, माझ्यासमोर. संध्याकाळपर्यंत तुम्हाला काही झालं नाही, तर उद्यापासून मी चारकोप सोडते. आणि झालं, तर शंभर माणसांचे आशीर्वाद घ्या. शिरा तोवर मी ढवळायला घेते."

परब वाटीकडे बघायला लागले. पुन्हा वास घेतला. चमचा बुडवला, वर काढला, थेंब पडताना बघत राहिले. माझ्याकडे बघितलं, हेमाकडे बघितलं. हेमा कंबरेवर हात ठेवून उभी.

तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. मुलाकडची मंडळी लवकर आली होती, शेजारच्या गेटपाशी उभी राहून कपडे ठीकठाक करत होती.

परबांचा चेहरा उजळला. त्यांनी कुडता सारखा केला, एक वाटी दोन्ही हातांत नीट धरली, आमच्या दारात जाऊन उभे राहिले आणि तोंडभर हसून हाक मारली,

"अहो व्याही! आधी इकडे या! तुमच्यासाठी खास काढून ठेवलीय!"