इन्क्युबेटरमधला झेंडू

आमचे सर स्नायूंच्या मूळपेशींवर व्याख्यानं देतात. माझ्या पीएचडीच्या चार वर्षांत त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला मी एकदाही पाहिला नाही. सत्कार कुठं आहे याचा वास मात्र त्यांना गारखेड्यातल्या घरी बसून येतो.

पेशी वाढवायचं काम माझं. त्या पाचोडच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या होत्या. तिचे स्नायू झिजत चाललेत. आईवडील सख्खे आतेमामेभावंडं, दोघांकडून दोष हिच्या वाट्याला आला. स्नायू फाटला की या पेशी तो सांधतात. तिच्या अंगातल्या सांधून सांधून दमल्यात. डॉक्टरांनी मांडीतून शेंगदाण्याएवढा तुकडा काढला, त्यातल्या मोजक्या पेशी जगल्या. त्यांच्यापायी सहा आठवडे मी वैजापूरला घरी गेले नाही.

मग दसरा आला. यंत्रांची पूजा बाहेरून कुंकू लावूनही झाली असती. पण सरांना फोटो हवा होता. त्यांनी इन्क्युबेटरचं, म्हणजे पेशी वाढवायच्या उबदार कपाटाचं, दार उघडायला लावलं.

"सर, आत पेशी आहेत," मी म्हटलं.

"अगं, देवाचं काम आहे, काही होत नाही," म्हणत त्यांनी पेशींच्या बाटलीवर झेंडूची फुलं ठेवली आणि दारातून आत उदबत्ती ओवाळली. जीवशास्त्राचा प्राध्यापक. आणि शेजारी तबक धरून हसत उभी कोण, तर मी.

चौथ्या दिवशी बाटलीत पांढरी बुरशी दिसली. आमच्या प्रयोगशाळेत आपलं काम नेमानं करणारी तेवढीच एक. बाटली पेशींसकट फेकावी लागली. सर म्हणाले, "त्यात काय एवढं? तिच्या मांडीत अजून आहेत की. जा, नव्या तुकड्यासाठी सही घेऊन ये."

पाचोड येईपर्यंत बसमध्ये मी त्यांना मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली. माझं नाव त्यात एकदाही आलं नाही.

मुलगी दारातच बसली होती. मला पाहून उठायला लागली: आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवत, एकेक करत उभी राहिली. मागच्या खेपेला तिला इतका वेळ लागला नव्हता. आत भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलं होतं. सरांनी स्वतःच लिहून पाठवलेली बातमी, आणि तोच फोटो.

"ताई, ह्यातल्या माझ्या कुठल्या?"

मी झेंडूखालच्या बाटलीवर बोट ठेवलं.

ती आईला म्हणाली, "बघ, फुलं वाह्यलीत." मग मला विचारलं, "वाढल्या का?"

"लई वाढल्या," मी म्हणाले. "अजून थोड्या लागतील."

"घ्या की. इथं काय त्या टिकत नाय. तुमच्यापाशी तरी जगतील."

फॉर्म लावलेलं पॅड मी तिच्यापुढं धरलं. दसऱ्याला तबक धरलं होतं तसंच, हसत.