इटलीचं मशीन, इतवारीचा वायसर

एखाद्या घरात फॉरिनची एक वस्तू शिरली, की तिच्या मागोमाग किस्से येतातच. कस्टमवाले त्यांना अडवत नाहीत आणि त्यांना जागाही लागत नाही. आमच्या कंपूतले निम्मेअधिक किस्से एकाच वस्तूचे आहेत: कुकडे प्रोफेसरांचं कॉफीचं मशीन. रविवारी सकाळी जमलो की मागच्या रविवारचा किस्सा सांगून व्हायच्या आत नवा घडायचा!

कंपू तिघांचाच. वसंतराव कुकडे कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, घर नागपुरात धंतोलीला. दुसरा बापू लांजेवार, ट्रान्सपोर्टवाला. हळू बोलला तरी रस्त्यावरची सायकल बाजूला व्हायची. तिसरा मी. इतवारीत माझं नळ, पाइप आणि हातपंपाच्या सुट्या भागांचं दुकान. शाळा सातवीपर्यंत, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं.

मशीन पाठवलं ते मालतीबाईंच्या, म्हणजे प्रोफेसरांच्या मिसेसच्या भावानं. शरद इटलीत नोकरीला. आई लवकर गेली म्हणून मालतीबाईंनीच त्याला लहानाचं मोठं केलेलं. त्यानं ओळखीच्या माणसाबरोबर ते स्वेटरमध्ये गुंडाळून धाडलं. चकचकीत बॉयलर, त्याला एक लांब दांडा. पाणी तापवायचं, चाळणीत पावडर दाबून भरायची, दांडा वर करून खाली ओढायचा. आतला पिस्टन पाणी पावडरीतून रेटतो आणि खाली मधासारखी दाट कॉफी उतरते. असं शरदनं लिहिलं होतं. धंतोलीत उतरलं ते कपबश्या विसळल्याचं पाणी!

मालतीबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. "माझ्या भावाच्या वस्तूत खोट नाही. तुमच्या हाताला यश नाही. तो पुढच्या हिवाळ्यात येणार आहे. याच मशीनची फक्कड कॉफी त्याच्या हातात पडली पाहिजे. नाही पडली, तर मी त्याला स्पष्ट सांगीन की तुझी वस्तू यांनी घालवली."

प्रोफेसर घाबरले, कारण सासरी त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत त्यांनी सासऱ्यांचा रेडिओ दुरुस्त केला. तो पुन्हा बोलला नाही. सासरेही फारसे बोलले नाहीत.

* * *

पहिल्या रविवारी बापूनं कपात डोकावून पाहिलं.

"काहून गा प्रोफेसर, फेस कुठी आहे?"

"बापू, ही खरी एस्प्रेसो. एवढीच असते. घोटभर."

"मले नको सांगू! एस्प्रेसो म्या लग्नात पेली. हा एवढा फेस, वरून चॉकलेटची पावडर, अन् मशीन असं बोंबलते का नवरदेव दचकते. हे तं खोकल्याचं औषध आहे. त्यातही कंपाउंडरनं पाणी टाकलं!"

* * *

आता गंमत पाहा. कॉफी पातळ येते म्हटल्यावर कोणाही शहाण्या माणसानं आधी मशीनकडे संशयानं पाहिलं असतं. पण मशीन इटलीचं! इटलीचं मशीन चुकत नाही, नागपूरचं सगळं चुकतं. प्रोफेसरांनी पहिली आरोपी ठरवली पावडर. "बाजारच्या पावडरीत चिकोरी असते, आणि दळणही जाडंभरडं. बिया आणून ताज्या दळल्या पाहिजेत."

बिया आणल्या, घरी भाजल्या आणि प्रोफेसर डबा घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाल्यानं विचारलं, "कसं दळू?" प्रोफेसर म्हणाले, "रव्याहून बारीक, मैद्याहून जाड." त्यानं अगदी तसंच दळलं. फक्त त्याच्या आधी त्यानं त्याच चक्कीवर कोणाची तरी वर्षाची भिवापुरी मिरची दळली होती, हे प्रोफेसरांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

त्या रविवारी कॉलेजचे प्राचार्य मुद्दाम मशीन बघायला आलेले. पहिल्या घोटाला कान लाल, दुसऱ्याला डोळ्यांतून धार. मी कप खाली ठेवला. बापू तर अंगणातल्या नळाला तोंड लावून बसला. पण प्राचार्यांनी कप संपवला. फॉरिनची कॉफी अर्धी कशी टाकायची! रुमालानं डोळे टिपत म्हणाले, "कुकडे, या लोकांनी जगावर राज्य का केलं, ते आज कळलं!"

* * *

दुसरं आरोपी पाणी. नळाचं झालं, विहिरीचं झालं, उकळून गाळलेलं झालं. शेवटी प्रोफेसर म्हणाले, पाणी शुद्धच हवं. बापूनं ट्रकच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी कॅनभर आणून दिलं. कॉफी तशीच पांचट.

बापू कप संपवून उठला, दोन पावलं चालला आणि म्हणाला, "चवीचं जाऊ द्या प्रोफेसर. पण आज धक्का नाही माराव लागला, सेल्फवर स्टार्ट झालो!"

* * *

मग मे महिना आला आणि संशय व्होल्टेजवर गेला. या खेपेस थोडं तथ्य होतं. दुपार झाली की गल्लीतले सगळे कूलर सुरू व्हायचे आणि बल्बचा रंग लिंबासारखा व्हायचा. प्रोफेसरांनी ठरवलं, एकदा तरी पूर्ण व्होल्टेजवर कॉफी काढायची. पाच वाजता, उन्हाच्या झळा चालू असताना, हा माणूस दारोदार गेला.

"दहा मिनिटं कूलर बंद ठेवता का?"

शेजारचे जोशीकाका, रिटायर्ड जज्ज, घाबरून बाहेर आले. "काय झालं कुकडे? घरात कोणी सीरियस आहे का?"

"नाही काका, कॉफी करायची आहे."

पण प्रोफेसरांना गल्लीत मान होता. लोकांनी खरोखर कूलर बंद केले! आणि कूलर बंद केल्यावर घरात बसून करायचं काय? सगळी गल्ली हातात पंखे घेऊन कुकड्यांच्या अंगणात. बल्ब लख्ख पेटला. मशीन सूं सूं करू लागलं. प्रोफेसरांनी दांडा ओढला. खाली उतरलं तेच, कपबश्या विसळल्याचं पाणी.

जोशीकाकांनी बनियन पिळल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "कुकडे, आमचा घाम याच्यापेक्षा दाट आहे!"

त्या संध्याकाळी मालतीबाईंना अख्ख्या गल्लीला पन्हं पाजावं लागलं. गुळाचा डबा रिकामा झाला आणि प्रोफेसरांच्या खात्यावर आणखी एक गुन्हा चढला.

* * *

शेवटी मी म्हटलं, "प्रोफेसर, उघडून बघा ना."

ते दचकले. "मालतीनं हात लावू नका म्हटलंय."

"वहिनी हळदीकुंकवाला जातात की नाही?"

जातात! त्या गेल्या आणि आम्ही ओट्यावर मशीनचं ऑपरेशन मांडलं. पिस्टन बाहेर काढला. त्याच्यावरची रबरी रिंग पापडासारखी कडक आणि तीन ठिकाणी तडकलेली. पाणी रेटलं जाणार कसं? ते बाजूनंच निसटत होतं.

"विमानाच्या प्रवासात झालं असणार," प्रोफेसर म्हणाले. "उष्णता."

"इमानात भट्टी रायते काय गा?" बापूनं विचारलं.

मी रिंगचं माप घेऊ लागलो. माणसाच्या सासरच्या वस्तूबद्दल आपण मत देऊ नये, गिऱ्हाईक तुटतं.

मी दुकानातून हातपंपाचा चामडी वायसर आणला. कापून, तासून, तेलात भिजवून बसवला. दांडा ओढला आणि काय सांगू! काळीभोर, दाट, तार धरणारी कॉफी. आम्ही कप तोंडाला लावले. बापूनं घोट तोंडात घोळवला.

"कॉफी फर्स्ट क्लास आहे," तो म्हणाला. "पण देवळात जाची असली तं बाहेर काढून ठेवा लागन!"

तेवढ्यात मालतीबाई परत आल्या. दारातच नाक मुरडून म्हणाल्या, "अहो, स्वयंपाकघरात चपला कोणी आणल्या?"

* * *

चामडं गेलं, रबर हवं. प्रोफेसरांनी कुकरच्या रिंगमधून मापाचा वायसर कापला. मशीनला तो असा बसला, की जणू इटलीतूनच आला. इकडे घरात चार दिवस कुकर नुसता फुसफुसत होता आणि भात कच्चा. मालतीबाईंनी कुकरच्या कंपनीला, गॅसवाल्याला आणि तांदळाच्या दुकानदाराला यथेच्छ बोल लावले. प्रोफेसर कच्चा भात "मोकळा झालाय छान" म्हणत मुकाट्यानं खात होते. मी दुकानातून नवी रिंग पोचवली तेव्हा कुठे त्यांच्या पोटाची सुटका झाली.

* * *

इथे थांबायला हवं होतं. पण फिजिक्सवाल्या माणसाला प्रेशर चांगलं आहे म्हटलं, की ते आणखी चांगलं करावंसं वाटतं. प्रोफेसरांनी मशीनच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर कुकरची शिट्टी ठेवली, वर ती हलू नये म्हणून तारेनं बांधली.

आम्ही बाहेरच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. आत गेलो तर प्रोफेसर दाराआड सुखरूप, मशीन ओट्यावर आडवं, आणि दिवाळीचा ताजा चुना मारलेल्या छतावर भलामोठा तपकिरी नकाशा. मालतीबाई छताकडे बघताहेत, प्रोफेसर मालतीबाईंकडे.

बापूनं मान वर करून बराच वेळ निरखलं.

"वहिनी, रागावू नका. पण कॉफी दाट झाली बरं का! पाहा, टपकून नाही राहिली."

* * *

हिवाळ्यात शरद आला. आठवडाभर आधीपासून प्रोफेसरांची झोप उडालेली. व्हॉल्व्ह पुन्हा जागेवर बसवला होता, मशीन चिंचेनं घासून लख्ख केलं होतं, बॉयलरची पोचा आलेली बाजू भिंतीकडे केली होती. आम्हा दोघांना त्यांनी धीर द्यायला बोलावलं होतं. बापूला मी आधीच दम भरला, "आज तोंड उघडायचं नाही."

शरद सुटाबुटात खुर्चीवर. मालतीबाई त्याच्या शेजारी, भावाकडे बघून डोळ्यांत पाणी आलेलं. ओट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बघ, तुझं मशीन! यांनी काय काय हाल केलेत त्याचे, तुला सांगायची सोय नाही. किती वेळा म्हटलं, माझ्या भावाची वस्तू आहे, हात लावू नका. पण तुझी पारख ती! अजून टिकून आहे."

प्रोफेसरांनी पावडर भरली, दाबली, दांडा वर केला आणि खाली ओढला. बारीक, संथ, मधाच्या रंगाची धार लागली. वर सोनेरी साय. एवढी चांगली कॉफी त्या मशीननं आम्हालाही कधी दिली नव्हती.

शरदनं घोट घेतला. कपाकडे पाहिलं. मशीनकडे पाहिलं. मग भाऊजींकडे पाहून मोठ्यानं हसला.

"कमाल केलीत भाऊजी! हे चालू कसं केलंत? अहो, तिकडे दुरुस्तीवाल्यानं हात टेकले होते. सहा महिने बाल्कनीत पडून होतं. फेकायलाच निघालो होतो. मग म्हटलं, फेकायचं कशाला? इंडियात ताईला पाठवून देऊ!"

बापूनं तोंड उघडलं, मी त्याचा पाय दाबला.

मालतीबाई उठल्या. भावाच्या हातातला कप त्यांनी काढून घेतला आणि प्रोफेसरांच्या समोर ठेवला.

"अहो, गरम आहे तोवर घ्या," त्या म्हणाल्या. "शरदला मी चहा टाकते."