त्वचेस निर्धोक

टिकलीच्या पाकिटावर तळाशी बारीक अक्षरांत ‘त्वचेस निर्धोक’ असे छापलेले असे. ते शब्द मी लिहून दिले होते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, रसायनशास्त्राची पदवी घेऊन, मी नायगावजवळच्या एका शेडमध्ये नोकरीला लागलो. तेथे मखमली कागदाला मागून डिंक लावून टिकल्या कापल्या जात. डिंक शिजवणे आणि तपासणे माझ्याकडे होते. मालकांनी सांगितले म्हणून मी एक टिकली मनगटाच्या आतल्या बाजूस चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी काढली. खाज नव्हती, लाली नव्हती. एका दिवसाच्या पुराव्यावर मी ते दोन शब्द दिले. बाईच्या कपाळावर टिकली वर्षानुवर्षे, रोज त्याच जागी बसते, हा विचार मला शिवला नाही.

आमचे घर सांडोरला, केळीच्या वाडीत. माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. वहिनी तोवर जुन्या रीतीने कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू रेखत असे. वाडीत पाणी लावताना घामाने ते ओघळे. कापताना वाकड्या गेलेल्या टिकल्या मी घरी आणू लागलो, तेव्हा ती हसून म्हणाली, “बरं झालं भाऊजी. दुपारपर्यंत माझं नाकच सुवासिन व्हायचं, कपाळ कोरडंच राहायचं.”

वर्ष-दीड वर्षात तिच्या भुवयांच्या मध्ये, टिकलीखाली, तिळाएवढा पांढुरका ठिपका दिसू लागला. त्याच सुमारास शेडमध्ये डिंक पसरवणाऱ्या एका बाईच्या बोटांची टोके पांढरी पडली होती. मी मालकांच्या कानांवर घातले. ते म्हणाले, “तिला काय, घरी भांडी घासूनही होत असेल. तुम्ही माल बघा.” मी माल पाहिला. डिंकाला चिकटपणा देणाऱ्या राळेत फिनॉलच्या जातीचे एक द्रव्य असू शकते आणि ते कातडीला रंग देणाऱ्या पेशींनाच मारते, हे मी पुष्कळ पुढे वाचले. परंतु संशय घेण्यास तेव्हा मला जे दिसत होते, ते पुरेसे होते.

वहिनीने एकदा चुलीपाशी हळूच विचारले, “भाऊजी, हे टिकलीनं तर नाही ना?”

“नाही. मी स्वतः तपासलीय.”

“मग झाकायला जरा मोठी आणाल?”

मी आणली. सुवासिनीने कपाळ मोकळे ठेवायचे नाही, ही तिची लहानपणापासूनची शिकवण. तेव्हा पांढरे दिसले की त्यावर टिकली लावायची, एवढाच उपाय तिला ठाऊक होता. डाग वाढला की टिकली वाढे, आणि टिकली वाढली की डाग. मुगाएवढ्या टिकलीपासून रुपयाएवढ्या टिकलीपर्यंतचे प्रत्येक पाकीट मी माझ्या हाताने तिला दिले.

घरात ‘कोड’ हा शब्द कोणी उच्चारीत नसे, कारण पुतणी लग्नाची झाली होती. आईला कोड आहे असे बाहेर पडले असते, तर मुलीकडे कोणी फिरकले नसते. अशात विरारजवळच्या चंदनसारचे स्थळ आले. मुलगा तिच्या मनात भरला होता. एरवी अबोल असलेल्या त्या मुलीने पाहुणे यायच्या आदल्या दिवशी अंगण दोनदा सारवले.

बोलणी नीट झाली. निघताना बायकांचे हळदीकुंकू सुरू झाले. मुलाची आत्या भातशेतीवरची, मोकळ्या आवाजाची. वहिनीने तिला कुंकू लावले, मग आत्याने करंडा आपल्या हाती घेतला.

“येवढी मोठी टिकली कोन लावतं, विहीणबाई? जसा गाडीचा दिवाच.” सगळ्या हसल्या. “थांबा, ही काढते. सौभाग्याचं कुंकू कागदावर नाय लावायचं.”

वहिनीने मान मागे घेण्यापूर्वीच टिकली आत्याच्या नखाला आली. खाली पांढरे वर्तुळ होते, काठ कातरीने कापल्यासारखा. आत्याचे कुंकवाचे बोट तसेच राहिले. मग तिने ते पदराला पुसले आणि माझ्या पुतणीकडे पाहत शांतपणे विचारले, “हिला बी हाय का कुठं?”

मी दारात उभा होतो. हे कोड नसावे, आमच्या डिंकाचा डाग असावा, तो आईकडून मुलीकडे जात नाही, एवढे कोणी तरी बोलायला हवे होते. आणि बोलू शकेल असा तेथे मी एकटाच होतो. वहिनीने माझ्याकडे पाहिले. मी आत्याच्या नखावरून खाली पडलेल्या टिकलीकडे पाहत राहिलो. नोकरी जाण्याची भीती होती, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे कारण त्याहून क्षुद्र होते. ‘मी स्वतः तपासलीय’ हे शब्द मला दादांच्या देखत परत घ्यायचे नव्हते.

चंदनसारहून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. त्यानंतर स्थळे आली, पण दुसऱ्यांदा कोणी आले नाही. पुतणी आता पन्नाशीला टेकली आहे.

चार वर्षांपूर्वी दादा गेले. रीतीप्रमाणे वहिनीचे कुंकू उतरले आणि ते वर्तुळ कायमचे उघडे पडले. तेराव्यानंतर मी तिला सर्व सांगितले. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “आता मला कशाला सांगता भाऊजी? तेव्हा त्या बाईला सांगायचं होतं.”

म्हणून मी चंदनसारला गेलो. शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, आत्या खाटेवर बसली होती. त्या मुलाची मुलेही कामाला लागलेली. मी सांडोरचे घर सांगितले, टिकली सांगितली, डिंक सांगितला, क्षमा मागितली. तिने सर्व ऐकून घेतले.

“सांडोरची कोनती?” ती म्हणाली. “लय पोरी बघितल्या रे बाबा तेव्हा. बस, पानी पी.”

मी पाणी प्यालो. घरी परतलो तेव्हा पुतणी अंगण झाडत होती.

“कुठं गेला होतात, काका?”

विरारला जरा काम होते, असे मी तिला सांगितले.