मक्यातली हजेरी

आमच्या आतोबांचा जगात कशावरही विश्वास नाही, आणि त्या जगात ते स्वतःही आले. धाकट्या आत्याचे हे यजमान माळव्यात धारला राहतात. उभी नोकरी त्यांनी बदनावरकडच्या एका खेड्यातल्या सरकारी शाळेत काढली. दूधवाल्याचं दूध, पंचांगातला सूर्योदय, आत्याने घातलेलं मीठ, सगळं ते तपासून घेतात. "पाऊस येईल का?" एवढं विचारलं तरी गच्चीवर जाऊन येतात आणि म्हणतात, "बघून सांगतो." मुलगी पाहायला आले तेव्हाही हेच म्हणून गेले होते. आत्या म्हणते, "अजून कुठे सांगितलंय."

साथीत अफवांना ऊत आला तेव्हा त्यांच्या शाळेतले मास्तर काही निराळे नव्हते. लस घेतलेला माणूस दोन वर्षांत जातो, असं गणिताचे सर ठामपणे सांगत. कोणत्या पायरीने, असं विचारलं की फळ्याकडे बघत. हेडमास्तर भाषणात अफवांचा नायनाट करत आणि खाली उतरल्यावर हळूच विचारत, "भिया, आपने लगवा ली? कुछ हुआ तो नहीं?" तहसिलीतल्या समारंभात साहेबांनी लसीच्या फ्रिजला हार घातला. दंड कुणीच पुढे केला नाही.

आतोबांनी मात्र वही केली. प्रत्येक अफवेला क्रमांक आणि पुढे प्रयोग. टोचलेल्या दंडाला लोहचुंबक चिकटतं म्हणे, म्हणून सुई घेऊन आल्या आल्या त्यांनी चुंबक लावलं. ते चिकटलं. आत्या देवघरात जाऊन बसली. आतोबांनी दुसऱ्या दंडाला लावलं, तिथेही चिकटलं. मग दोन्ही दंड पुसून पावडर लावली, तेव्हा पडलं. वहीत एकच शब्द लिहिला: घाम.

त्याच सुमारास त्यांच्या पहिल्या तुकडीतला कैलास धारला आला होता. आता तोही पन्नाशीला टेकलेला. उंबऱ्यातूनच त्याने विचारलं, "माट्साब, सुई लगवाऊँ के नी?"

"महीनाभर मेरे पे देख लूँ, फिर बताता हूँ," आतोबा म्हणाले.

महिना पुरा व्हायच्या आत दुसऱ्या लाटेने कैलासला नेलं. त्यानंतर त्या वहीत नोंद नाही.

भादव्यात आतोबांनी स्वतःहून कैलासच्या, म्हणजे शाळेच्याच गावची लसीकरणाची ड्यूटी मागून घेतली. गाडी मी चालवत होतो, मागे लसीचा निळा डबा मांडीवर घेऊन नर्सबाई. तीनदा त्या रिकाम्या हाताने परतल्या होत्या. सुईची गाडी येतेय असं कळलं की अख्खं गाव मक्यात शिरत असे.

सकाळी अकराच्या उन्हात गावात माणूस नव्हता. एका चुलीवर रोटी करपत होती. खाटेवर मोबाइलमध्ये भजन चाललं होतं, ऐकायला कोणी नाही. पाळणा रिकामा होता आणि अजून झुलत होता. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. वारा पूर्ण पडलेला, तरी घरांना लागून उभा असलेला पुरुषभर उंचीचा मका हलत होता.

"चलो सर," नर्सबाई म्हणाल्या, "यहाँ के तो भूत भी भाग गए."

आतोबा बांधावर जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधले आणि पहिल्या तुकडीची हजेरी घ्यायला लागले. पाठ होती.

"अंबाराम."

पानांच्या आतून एक घोगरा, विडी ओढणारा आवाज पहिलीतल्या पोराच्या चालीत म्हणाला, "उपस्थित श्रीमान." त्याला कोणीतरी दटावलं.

"बद्रीलाल."

"उपस्थित श्रीमान." हा पार दुसऱ्या टोकाकडून.

"गजराज."

"नी आयो, माट्साब," आला नाही म्हणून गजराजनेच सांगितलं.

आवाज एकामागून एक उठत होते आणि चेहरा एकही नव्हता.

"कैलास."

मला वाटलं, सवयीने तोंडून गेलं. पण ते उत्तराची वाट बघत उभे होते. मका हलायचा थांबला.

"उपस्थित," आतून बारीक, थरथरता आवाज आला. नर्सबाईंनी माझी बाही धरली. पानं बाजूला झाली आणि एक म्हातारी बाहेर आली.

"ऊ तो नी हे, माट्साब. म्हूँ हूँ, ऊकी माँ."

आतोबा तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि सगळ्या मक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मैंने रोका था उसको. वो पूछने आया था, मैंने ही रोका."

"म्हने मालम हे," म्हातारी म्हणाली; तिला ते ठाऊकच होतं. लुगड्याचा पदर सारून तिने दंड उघडा केला. "अबे देखी लियो कईं?"

बघून झालं का, एवढंच तिने विचारलं. टोमणा असता तर आतोबांना सोपं गेलं असतं.

"हाँ," ते म्हणाले. "देख लिया."

नर्सबाईंनी डबा उघडला. मक्यातून एकेक जण बाहेर येऊ लागला, आधी अंबाराम, मग बद्रीलाल. गजराज सर्वांत शेवटी, अंगावरची कुसळं झाडत. टोचल्यावर अर्धा तास बसायचं असतं. म्हातारी खाटेवर बसली आणि आतोबा तिच्या पायाशी, जमिनीवर. अर्धा तास झाला तसं नर्सबाईंनी सांगितलं, आता उठलात तरी चालेल. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं. दोघंही उठले नाहीत.