फुटाण्यांपुरती जागा

तुमच्या बाबांचा निरोप आला आहे की तुमच्या आजोबांना आणि मला मिळून नवा फोन घ्यायचा आहे, तर किती जीबीचा घेऊ ते कळवा. खाली थोरल्याने जोड दिली आहे, की आजी, पाचशे बारापेक्षा कमी घेऊच नकोस, हल्ली त्याखाली कोणाचं भागत नाही. बाळा, तुला अजून मिसरूड फुटलेलं नाही आणि तुझं पाचशे बाराखाली भागत नाही, हे वाचून आम्हाला आमच्या गरिबीची पहिल्यांदाच नीट जाणीव झाली. आभारी आहे.

मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. जेवढं विचारलं तेवढंच लिहा, असं मुलांना बजावत आले. पण या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत दिलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारीचा हट्ट. म्हणून मागच्या आश्विनात काय झालं ते सांगते. धाकटीला त्यातलं अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं इथे रायपूरला, समता कॉलोनीतल्या आमच्या बैठकीत घडलं.

आमच्याकडे खरा फोन एकच, आजोबांचा. माझा बटणांचा आहे. तो वाजतो, मी बोलते, आणि त्याच्याकडून मी याहून जास्त अपेक्षा ठेवलेली नाही. आजोबांचा चौसष्ट जीबीचा. रेल्वेत मालधक्क्यावर त्यांची नोकरी गेली. कुठल्या वॅगनमध्ये किती पोती मावतात हे ते झोपेत सांगतील. त्या माणसाने आयुष्यात एक वॅगन मर्यादेबाहेर भरू दिली नाही. फोनला मात्र मर्यादा असते, हे त्यांना मान्य नाही.

दर शनिवारी मी तो फोन झाडते. विजेच्या मीटरचा फोटो, भरलेल्या सिलिंडरचा फोटो, बाजारात मोठं दिसलं म्हणून काढलेलं वांगं, चुकून काढलेली स्वतःची चप्पल, सगळं जातं. कोठीघराचा नियम मी फोनला लावला आहे. माझ्या सासूबाई सांगायच्या, लोणच्याची बरणी काठोकाठ भरू नये, वर चार बोटं मोकळी ठेवावीत, नाहीतर ढवळणार कुठे? त्यांनी जीबी पाहिला नव्हता, पण पाचशे बारावाल्यांपेक्षा त्यांना विषय जास्त कळला होता.

झाडून झाल्यावर दोनच गोष्टी उरतात, तुमचे फोटो आणि देव.

तुमच्या फोटोंना हात लावायची या घरात कोणाची छाती नाही. आता देवांचं ऐका. आजोबा सात ग्रुपांत आहेत. रेल्वेचे निवृत्त, कॉलोनीचे ज्येष्ठ, सकाळी फिरणारे, सकाळी फिरायचं ठरवून न फिरणारे, आणि बाकीचे. प्रत्येक ग्रुपात दर सकाळी देव येतो. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, आणि प्रत्येकाच्या हातात गुलाबाचं फूल व चहाचा कप. शंकराला चहा कधीपासून चालायला लागला हे मी विचारलं होतं. आजोबांनी फोन उलटा ठेवला. नवरात्र आलं की हिशेबच संपतो. नऊ दिवस, नऊ रंगांची देवी, सातही ग्रुपांत, शिवाय हलणारी, दिवे लागणारी, घंटा वाजवणारी. दसऱ्याला फोनच्या तोंडावर पाटी आली, "स्टोरेज भर गया है."

आणि नेमकी तेव्हा धाकटीची भुलाबाई आली.

थोरल्याला हे माहीत नाही म्हणून लिहिते. आपल्या मूळच्या विदर्भात आश्विनात मुली भुलाबाई, म्हणजे पार्वती, मांडतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी डब्यात झाकलेली खिरापत सगळ्यांना ओळखायला लावतात. डबा फक्त हलवून दाखवायचा, उघडायचा नाही. कॅनडात बसून धाकटीने मार्करने रंगवून भुलाबाई केली, मी रविवारी फोनवर शिकवलेलं गाणं म्हटलं, आणि जाहीर केलं की खिरापत आजोबांनी ओळखायची. ते ओळखेपर्यंत डबा उघडणार नाही. कोजागिरीला तिच्या मैत्रिणी येणार होत्या, त्याआधी उत्तर हवं.

आधी तिने व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता समोरून डबा हलवला. पण तुमचे ते फोन इतके हुशार झालेत, की माणसाच्या आवाजाशिवाय बाकी सगळं गिळून टाकतात. आम्हाला डबा हलताना दिसला, आवाज शून्य. मग तिने शहाणपणा करून त्याचा व्हिडिओ काढून पाठवला. तो येईना. एक गोल चाक फिरत राही आणि पुन्हा तीच पाटी, भर गया है.

दोन दिवस आजोबा त्या चाकाकडे पाहत होते. जेवताना फोन ताटाजवळ. तिसऱ्या दिवशी आम्ही चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोन उलटापालटा करून मला विचारलं, "आंटीजी, यूज़ क्या है आपका?"

मी म्हटलं, "पोती का डब्बा सुनना है."

त्याने समजल्यासारखं केलं. "फिर तो कम से कम दो सौ छप्पन लेना पड़ेगा. आजकल उससे नीचे कोई पूछता नहीं."

"भैया, मुझे फोन चाहिए, गोदाम नहीं."

आजोबा वाटेत मला म्हणाले, "घेऊन टाकू न मोठा. काहून जीव खाऊन राहिली त्याचा?"

"मोठा घेतला तर मोठा भरेल," मी म्हटलं. "आपल्या माळ्याकडे बघा. रिकामा होता तोवर घरात अडगळ नव्हती. त्यापेक्षा देव काढा."

ते स्कूटर थांबवून माझ्याकडे बघायला लागले. "देव काढू? म्हणजे देवाले मिटवून टाकू?"

इथे तुम्ही हसाल, पण थांबा. आपल्या घरात लग्नपत्रिकेवरचा गणपतीसुद्धा रद्दीत जात नाही. तो कापून ठेवतात आणि मग एखाद्या दिवशी नदीवर नेतात. जुनं कॅलेंडर असेल तर आधी देव, मग रद्दीवाला. मीही हेच करत आले आहे, इंग्रजीत एम.ए. झाल्यानंतरही. कागदाच्या देवाची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली होती. काचेच्या आतल्या देवाबद्दल ते काही बोलून गेले नव्हते.

घरी येऊन मी वैतागून म्हटलं, "मग विसर्जन करा. देवीचं केलं ना कालपरवा सगळ्यांनी महादेव घाटावर? तुम्ही फोन घेऊन जा खारून नदीवर."

मी टोमणा मारला होता. ते विचारात पडले.

"फोन बुडवता येत नाही," ते म्हणाले. "पण उत्तरपूजा करता येते का नाही?"

आणि पाचच मिनिटांत बैठकीतल्या चौरंगावर फोन उभा. खाली पितळी ताम्हन, बाजूला निरांजन, वाटीत अक्षता. हळदीकुंकवाची कोयरी मी उचलून घेतली. "लांबून. त्या भोकांत हळद गेली तर डबा आला तरी ऐकू येणार नाही."

"तू देवाच्या कामात अडथळे आणून राहिली."

"मी देवाला दुरुस्तीच्या खर्चातून वाचवते आहे."

त्यांनी लांबूनच अक्षता वाहिल्या. दोन तांदूळ काचेवर पडले आणि कोणाला तरी फोन लागला. उरला या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये असलेला माझा भाचा होता. मागे यंत्रांचा खडखडाट. "मौसाजी, क्या हुआ? सब ठीक?"

"पूजा चालू हाय," आजोबा म्हणाले. "तुले अक्षता लागल्या. ठेव."

मग त्यांनी हात जोडले, 'पुनरागमनाय च' म्हटलं, आणि मला खूण केली. मिटवायचं काम माझं. पाप झालंच तर कोणाच्या नावावर, हे त्यांनी चोख ठरवून ठेवलं होतं. मी सगळ्या देवांवर खुणा केल्या. फोनने हिंदीत विचारलं, ट्रैश में भेजें?

"थांब. काय म्हणते तो?"

"पुढे पाठवू का, म्हणतो."

"ट्रैश म्हणते न तो? कचऱ्यात? देवाले कचऱ्यात टाकून राहिली का तू?"

तोवर माझं बोट पडलं होतं. देव गेले. आजोबा खुर्चीत बसले आणि मी घाईघाईने धाकटीचा व्हिडिओ दाबला. चाक फिरलं. पाटी आली. भर गया है.

पुढची गंमत अशी, की या फोनमध्ये कचऱ्याची पेटी असते आणि त्यात टाकलेलं महिनाभर तिथेच राहतं, जागा अडवून. म्हणजे आता आमचे देव कचऱ्यातही होते आणि फोन भरलेलाही होता. ज्याने हे बनवलं त्याला लाखांनी पगार असेल. माझ्या स्वयंपाकघरात असं कोणी केलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी उंबरा ओलांडू दिला नसता.

आजोबांनी निरांजन बाजूला सरकवलं. ते म्हणाले, "पोट्टी वाट पाहून राहिली असन."

मला पेटीच्या चित्राकडे पाहून सुचलं ते मी बोलले. "अहो, घाटावर गणपती बुडवायच्या आधी हार-फुलं कुठे टाकतात?"

"निर्माल्याच्या कुंडात."

"ते काय कचराकुंडी असतं का?"

"नाही बा. ते वेगळं."

"मग हेही वेगळं. हे कुंड आहे. पूजा झालेलं आधी इथे येतं. आता ते शिरवायचं, पाण्यात सोडायचं, एवढंच."

त्यांनी चष्म्यातून बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, पटलं नाही. मग त्यांनी वाटीतल्या उरलेल्या अक्षता, या वेळी नेम धरून, फोनच्या बाजूला टाकल्या आणि डोळे मिटून म्हणाले, "कर."

मी पेटी रिकामी केली. धाकटीचा व्हिडिओ सरसर उतरला. गाणं झालं, त्यात एक कडवं गळलेलं होतं, आणि मग डबा आला. खुळखुळ.

आजोबांनी तो किती वेळा ऐकला ते विचारू नका. मग ते माझ्या स्वयंपाकघरात शिरले. तिथे डबे उंचीप्रमाणे आणि नावांच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले असतात, हे तुम्ही पाहिलं आहे. त्यांनी एकेक काढून कानाशी धरला आणि हलवला. हरभऱ्याची डाळ. साबुदाणा. शेंगदाणे. मुरमुरे, ज्यांचा आवाजच होत नाही, तेही हलवले. सगळे डबे भलत्याच जागी ठेवत ते परत आले.

"फुटाणे."

"कॅनडात फुटाणे कुठून येतील? तुमचा अंदाज नाही हा, इच्छा आहे."

"मी पाठवले होते न."

तुम्हाला ती बॅग आठवते का? गेल्या उन्हाळ्यात तुम्ही निघालात तेव्हा मी एकेक वस्तू वजन करून भरली होती, आणि आजोबांनी ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या भडभुंज्याकडून सालीचे फुटाणे आणून मधे घुसवले. मी काढले. म्हटलं, जागा नाही. फुटाण्यांसाठी कोणी विमानात जागा देत नसतं. तेव्हा त्यांनी ती पुडी माझी पाठ वळल्यावर धाकटीच्या बुटात कोंबली, हे मला त्या दिवशी कळलं.

"ते तिने केव्हाच खाल्ले असतील," मी म्हटलं.

"हव," ते म्हणाले. पण उत्तर बदललं नाही.

कोजागिरीच्या सकाळी फोन लागला. धाकटीने डबा धरला होता. तिच्या मागे दोन गोऱ्या मुली भुलाबाईकडे आदराने बघत होत्या.

"आजोबा, सांगा."

"फुटाणे. माहेवाले."

तिने झाकण काढलं. तळाशी मूठभरही नव्हते, आणि सालीच जास्त. ती म्हणाली, थोडे थोडे खाल्ले, मग हे ठेवून दिले. आणि विचारलं, "पण आजोबा, तुम्हाला कसं कळलं?"

"फोनातून वास आला."

मी मागून सांगितलं, खाऊ नकोस, खवट झाले असतील. तिने एक तोंडात टाकला, चेहरा वाकडा केला, आणि म्हणाली, "मस्त आहेत." आजोबा माझ्याकडे असे बघत होते जणू संपूर्ण हवाई वाहतूक त्यांच्या बाजूने निकाल देऊन गेली होती.

संध्याकाळपासून देव परत यायला लागले. सातही ग्रुपांतून, या वेळी मागे चंद्र आणि हातात चहाऐवजी दूध. पुनरागमनाय च म्हटलं होतंच. त्यांनी शब्द पाळला. आता दर पौर्णिमेनंतर आमच्याकडे उत्तरपूजा असते. निरांजन मी लांब ठेवते. भाच्याला आधी कळवलेलं असतं.

तेव्हा बाबांना सांगा, चौसष्ट पुरतात. पाचशे बाराचा पाठवलात तर आजोबा तो वर्षभरात देवांनी भरतील, आणि तुमच्या डब्याला पुन्हा जागा नसेल. पैसे खर्च करायची फारच खुमखुमी असेल तर तिकिटं काढा. आणि येताना धाकटीने एक बूट रिकामा आणावा. जाताना बॅग या वेळीही मीच भरणार आहे, आणि त्या बुटात काय जाणार ते मला माहीत आहे.