कुस्तोदियोची सुतळी

देवगडातल्या लग्नांत तीस वर्षं स्पीकर लावणाऱ्या कुस्तोदियोचा हात जिभेच्या आधी चालायचा. आवाज कमी कर म्हणणाऱ्या एका वऱ्हाड्याचं नाक त्याने फोडलं होतं. त्याचे स्वतःचे पुढचे दोन दातही अशाच एका मांडवात पडले होते.

बहिणीच्या लग्नासाठी बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर आलेल्या ज्युडने चाळीस हजारांची डिजिटल केबल आणली. "अंकल, तुमची वायर म्हणजे सुतळी. टाकून देवा ती," तो चारचौघांत म्हणाला. कुस्तोदियोच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तो केबल घेऊन टेबलाखाली शिरला.

संध्याकाळी गाणं सुरू झालं. ज्युड डोळे मिटून म्हणाला, "आयकलात? माझ्या केबलीन कसो मधासारखो आवाज येता!"

कुस्तोदियोने टेबलाखालून ती केबल काढून त्याच्यापुढे फेकली. कोयत्याने तिचे तीन तुकडे केलेले होते. "गाणा माझ्या सुतळीतून येता रे!"

अख्खा मांडव हसला. ज्युडने खाडकन त्याच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला, पांढऱ्या शर्टावर रक्त सांडलं. कुस्तोदियो रक्त थुंकला.

"पोचली तुझी थापड," तो म्हणाला. "डिजिटल सिग्नल असोच आसता, मधासारखो-बिधासारखो नाय. पोचता, नायतर पोचणा नाय. आता माझी पोचता काय बघ."

आणि त्याने मूठ वळली.