फांद्या काढणारी मावशी

माझी मावशी देवापुढे नवस बोलायच्या आधी तो फळण्याची शक्यता काढून बघते, आणि अशी बाई भोर-वेल्ह्यात दुसरी सापडायची नाही. ती हायस्कुलात गणित शिकवते, पण तिचा फळा काही वर्गात मावत नाही. नसरापूरला एसटीची वाट बघताना ती काटकीने धुळीत फांद्या काढायची. गाडी वेळेवर येईल, न येईल. आली तर जागा मिळेल, न मिळेल. "येळेवर यायची निम्मी शक्यता, आली तर जागेची एक तृतीयांश. दोन्ही पायजेत तर गुणायचं. एक षष्ठांश. आपण टेम्पोच बघू," असं सांगून ती मान वर करेपर्यंत एसटी निघून गेलेली असे, आणि तीही निम्मी रिकामी. पाहुणे येतील का आणि आले तर दूध पुरेल का, हे ती परातीतल्या पिठात बोटाने मांडी. आजी म्हणे, झालं असलं तर आता मळ.

तिला बघायला कामथडीचा एक शेतकरी मुलगा आला, ती हकिगत आईने मला कितीदा तरी सांगितली आहे. गुंजवणे गावी, आजोबांच्या ओसरीवर, मावशीने खडूने फांद्या काढल्या. तो हो म्हणायची शक्यता निम्मी, ती हो म्हणायची एक तृतीयांश. म्हणजे जमायची एक षष्ठांश. वडीलधारी मंडळी गार पडली. मुलाने मात्र वाकून नीट बघितलं, खडू मागून घेतला आणि म्हणाला, "तुमी व्हय म्हणलात तर माझी फांदी निम्मी न्हाई राहत. पुरी व्हती."

मावशीने पुन्हा गुणून पाहिलं. बरोबर आहे म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले.

तिने होकार कळवला, आणि थोड्याच दिवसांत आजोबांचं एक अंग लुळं पडलं. त्यांना उचलायला-बसवायला आजी एकटी कशी पुरणार? वर्षभर थांबा, असा निरोप मावशीने धाडला. मुलगा थांबायला तयार होता. त्याचे वडील तयार नव्हते. त्याचं लग्न दुसरीकडे झालं. मावशीने पुढे एकही स्थळ बघितलं नाही. पहिली घटना घडली की दुसरीची शक्यता कशी बदलते, हे वर्गात शिकवताना तिचा आवाज अजूनही जरा खाली येतो, असं तिचे विद्यार्थी सांगतात.

आजोबा गेले, आजीही गेली. यंदा कानावर आलं की कामथडीच्या त्या गृहस्थांची बायको वारून बराच काळ झाला, आणि ते एकटेच असतात. एका रविवारी मावशी मला म्हणाली, मोटारसायकल काढ.

गेलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडं पुण्याला गेलेत, कवा येतील सांगता येत न्हाई. मी गाडी वळवली, पण मावशी त्यांच्या पायरीवर बसली. पदर सारखा करून, समोरच्या शेताकडे बघत, बराच वेळ बसून राहिली. मग उठून शेजारणीला म्हणाली, "आले की सांगा, गुंजवण्याची येऊन गेली. पुढच्या रविवारी परत येईन."

वाटेत तिने माझा खांदा घट्ट धरला होता. रविवारी मोकळा आहेस ना, एवढंच तिने विचारलं. मोकळा नव्हतो. हो म्हणालो.